ऑटोकॅडची मार्कअप टूल्स: ढग झकास, हिशेब मात्र आपणच ठेवायचा

बी-१२ बीम २३० × ४५० मिमीचा २३० × ६०० झाला. बदल एवढाच. पण ड्रॉइंगवर तो नीट दाखवायचा तर पाच कामं लागतात: बदलाभोवती ढग (फुग्याफुग्यांची रेघ), ढगाशेजारी रिव्हिजनचा, म्हणजे सुधारित आवृत्तीचा, त्रिकोण, रिव्हिजन टेबलात एक ओळ, टायटल ब्लॉकमधला नवा आर-नंबर (रिव्हिजनचा क्रमांक) आणि साइटवर लटकलेली जुनी प्रिंट परत. पाचवं काम कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही, ते शिपाई आणि साइट इंजिनियर करतात. उरलेल्या चारांत ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर किती उपयोगी पडतं आणि कुठे तोंडघशी पाडतं, ते इथे पाहू. आधार २०२१ ते २०२४ या आवृत्त्यांचा आहे. रेव्हक्लाउड (ढग काढणं), ट्रेस (वरच्या थरात शेरे) आणि कम्पेअर (दोन फायलींची तुलना) एलटीमध्येही, म्हणजे ऑटोकॅडच्या छोट्या आवृत्तीतही, मिळतात, त्यामुळे फक्त मार्कअपसाठी (ड्रॉइंगवरच्या शेऱ्यांसाठी) पूर्ण ऑटोकॅड घ्यायची गरज नाही.

निकाल आधीच सांगतो. मार्कअप काढणं, बघणं आणि दोन फायली ताडून पाहणं यात ऑटोकॅड आता खरोखर चांगलं झालं आहे. पण शेरा कोणी दिला, कोणी तो केला, कोणी तपासला आणि कुठला अजून बाकी आहे, हा हिशेब त्यात नाहीच. चेकरने (ड्रॉइंग तपासणाऱ्याने) ४० शेरे दिले आणि त्यातले ३७ झाले, हे ऑटोकॅड सांगणार नाही. उरलेले तीन आरसीसी कन्सल्टंटच्या फोनवरून कळतात.

रेव्हक्लाउड

ढग काढायची ही कमांड जुनी आहे, पण २०२१ मध्ये तिचा स्वभाव बदलला. पूर्वी आर्कची किमान आणि कमाल लांबी द्यावी लागे, आणि कमाल लांबी किमानच्या तिपटीपेक्षा जास्त चालत नसे. आता एकच आकडा असतो, आर्कच्या जीवेची अंदाजे लांबी. सोय झाली, पण एक खोडही आली. नव्या फाइलमध्ये पहिला ढग काढताना हा आकडा ऑटोकॅड स्वतःच ठरवतं, आणि तो ठरतो स्क्रीनवर त्या क्षणी जे दिसतंय त्याच्या कर्णावरून. सगळी बिल्डिंग झूम करून ढग काढलात तर फुगे खोलीएवढे होतात. कॉलमजवळ झूम करून काढलात तर प्रिंटवर ढगाऐवजी सुरकुतलेली रेघ दिसते. नवा ड्राफ्ट्समन इथेच वैतागतो. कमांड बिघडली असं त्याला वाटतं, आणि बिघडलेलं काहीच नसतं.

उपाय सरळ आहे. कमांड चालू झाली की आर्क लेंग्थचा पर्याय घेऊन आकडा हाताने द्यायचा. कागदावर साधारण ८ मिमीची आर्क डोळ्याला बरी दिसते. मिलिमीटरमध्ये काढलेल्या प्लॅनवर, मॉडेलमध्ये (जिथे ड्रॉइंग खऱ्या मापात असतं) ढग काढत असाल तर १:१०० साठी ८००, १:५० साठी ४००, १:२० च्या डिटेलसाठी १६० द्या. लेआउटमध्ये, म्हणजे छपाईच्या शीटवर, काढत असाल तर सरळ ८. ढग अ‍ॅनोटेटिव्ह नसतो, म्हणजे टेक्स्टसारखा स्केलप्रमाणे आपोआप लहानमोठा होत नाही, हे लक्षात असू द्या. आधीच काढलेला ढग बिघडला असेल तर पुसू नका. तो निवडून प्रॉपर्टीज पॅलेटमध्ये आर्कचा आकडा बदलता येतो. ‘रेव्हक्लाउडप्रॉपर्टीज’ कमांडनेही हेच होतं.

सगळ्या आर्क एकसारख्या हव्या असतील तर ‘रेव्हक्लाउडआर्कव्हेरिअन्स’ हे व्हेरिएबल बंद करा. चालू असलं की आर्क मुद्दाम कमीजास्त होतात, हाताने काढल्यासारखा भास यावा म्हणून. आर्किटेक्टला तो आवडतो. पाइपिंग किंवा मशीन पार्टच्या ड्रॉइंगवर मात्र तो गचाळ दिसतो. कॅलिग्राफी स्टाइलबद्दल एवढंच: वापरू नका. जाड-बारीक रेघ स्क्रीनवर देखणी दिसते, पण ए-३ वर छोटी करून छापली की काळा डाग होतो.

काढायच्या तीन पद्धती आहेत. आयताकृती ढग सगळ्यात जास्त लागतो. आकड्याभोवती, बीमच्या नावाभोवती, शेड्यूलमधल्या एका ओळीभोवती दोन क्लिकमध्ये काम होतं. एल आकाराची भिंत किंवा जिन्याचा वळसा असेल तर पॉलिगोनल घ्यावा. फ्रीहँडमध्ये कर्सर फिरवत सुरुवातीच्या जागेपाशी आणला की ढग आपोआप बंद होतो, पण माउसने तो कधीच सुबक येत नाही, पेन टॅबलेट असेल तरच त्यात हात घाला. ‘रेव्हक्लाउडक्रिएटमोड’ला १ दिलं की कमांड थेट आयतावर सुरू होते आणि प्रत्येक वेळी आर दाबायचं वाचतं.

चौथा पर्याय ऑब्जेक्टचा. यात आधी काढलेलं वर्तुळ, लंबवर्तुळ किंवा बंद पॉलीलाइन निवडली की तिचाच ढग होतो. पुढे आर्क उलट्या करायच्या का ते विचारतं. उत्तर चुकलं तर फुगे आत वळतात आणि ढगाची करवत होते. खरा धोका मात्र वेगळाच आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये मूळ वस्तू पुसली जाते. घाईत कुणी ३०० × ७५० कॉलमची आउटलाइनच निवडली तर ढग येतो आणि कॉलम जातो. स्क्रीनवर काही गडबड झाली असं वाटतही नाही, कारण जिथे चौकोन होता तिथे ढग दिसतो. म्हणून ऑब्जेक्ट पर्यायासाठी वेगळा आयत काढून तोच वापरा, किंवा मूळ वस्तू पुसायची का ते ठरवणारं ‘डेलऑब्जे’ व्हेरिएबल आधी ० करून घ्या.

ढग आतून बंद पॉलीलाइनच असतो, आणि त्यातूनच तीन त्रास निघतात. हॅचसाठी (नक्षीच्या भरणासाठी) आत क्लिक केलं की ढगाची कड ही हद्द धरली जाते आणि टाइल्सचा हॅच ढगापाशी अडतो. ट्रिम करताना ढग कापायची कड होतो. आणि एक्सप्लोड केलात तर सुट्या आर्कचा ढिगारा हाती येतो, आर्कचा आकडा बदलायची सोय कायमची जाते. म्हणून ढगांचा लेयर वेगळा ठेवा, रिव्हिजनप्रमाणे: आर-१ चा एक, आर-२ चा एक. नवं रिव्हिजन काढताना जुने ढग फ्रीझ करायचे, म्हणजे लपवायचे. बहुतेक ऑफिसांत ताज्या रिव्हिजनचेच ढग दाखवतात आणि जुन्या रिव्हिजनचे त्रिकोण तसेच ठेवतात, ही पद्धत चांगली. होल्डचे ढग, म्हणजे क्लायंटकडून अजून माप यायचं आहे अशा जागा, रिव्हिजनच्या लेयरवर टाकू नका. त्यांना स्वतःचा लेयर द्या. नाहीतर आर-३ काढताना आर-२ फ्रीझ होतो, त्याच्याबरोबर होल्डही गायब होतो, आणि ठेकेदार न ठरलेल्या मापाची शटरिंग लावून मोकळा होतो.

लेयर डेफपॉइंट्स (डायमेन्शनबरोबर आपोआप येणारा, न छापला जाणारा लेयर) निघाला तर ढग छापलाच जात नाही. ही चूक विचित्र वाटते, पण नेहमी होते, कारण डायमेन्शन काढल्यावर कुणीतरी तोच लेयर चालू ठेवलेला असतो. दुसरी छपाईची चूक रंगाची. ढग लाल, पण प्लॉट स्टाइल (कुठला रंग कसा छापायचा ते ठरवणारी सीटीबी फाइल) मोनोक्रोम, मग प्रिंटवर ढग काळा आणि भिंतीच्या रेघांत मिसळलेला. आपल्या सीटीबीत रंग १ ला ‘ऑब्जेक्टचा रंग वापरा’ ठेवा आणि जाडी ०.३५ किंवा ०.५ मिमी द्या. ए-१ शीट शेवटी झेरॉक्सवाल्याकडे काळीपांढरीच निघणार असेल तर जाडीच तुमच्या कामी येईल, रंग नाही.

मॉडेलमध्ये की लेआउटमध्ये? यावर प्रत्येक ऑफिसात भांडण असतं. रिव्हिजन शीटचं असतं, मॉडेलचं नाही. एकाच मॉडेलवरून सेंटरलाइन प्लॅन, बीम लेआउट आणि स्लॅब डिटेल अशी तीन शीटं निघतात आणि बी-१२ चा बदल तिन्हींत दाखवायचा नसतो. मॉडेलमध्ये ढग टाकलात की तो तिन्हींत उगवतो आणि मग एकेका व्ह्यूपोर्टमध्ये (लेआउटवरच्या ज्या खिडकीतून मॉडेल दिसतं तिच्यात) लेयर फ्रीझ करत बसावं लागतं. म्हणून लेआउट बरा. अट एकच, व्ह्यूपोर्ट लॉक हवा. लॉक नसलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये कुणी चुकून चाक फिरवलं की प्लॅन सरकतो, ढग जागेवर राहतो आणि शेजारच्या बी-१३ ला वेढतो. मॉडेलमध्ये पडलेला ढग लेआउटमध्ये किंवा उलट न्यायचा असेल तर ‘चस्पेस’ कमांड स्केलसकट हलवते.

ट्रेस म्हणजे बटर पेपर

२०२२ मध्ये आलेला ट्रेस म्हणजे आर्किटेक्टच्या टेबलावरचा बटर पेपरच. प्रिंटवर बटर पेपर टाकायचा, वरून लाल पेनने काढायचं, खालच्या प्रिंटला ओरखडाही नाही. पडद्यावर अगदी तसंच होतं. ट्रेस उघडला की मूळ ड्रॉइंग फिकं पडतं, आपण जे काढू ते वरच्या थरात जातं आणि खालचं काहीही सरकत नाही. सुरुवातीला तो मुख्यतः वेब आणि मोबाइल अ‍ॅपवरून शेरे देण्यासाठी होता. २०२३ पासून डेस्कटॉपवरही तो नीट वापरण्याजोगा झाला.

याची दुसरी बाजू जास्त उपयोगी आहे. टूलबारवरून ट्रेस मागे टाकला की मूळ ड्रॉइंग पुढे येतं, संपादन करता येतं आणि शेरे मागून फिके दिसत राहतात. म्हणजे चेकरचा कागद बोर्डाला लावून ड्राफ्ट्समन बाजूला काम करतो, ते आता एकाच खिडकीत. दोन मॉनिटर नसलेल्या ऑफिसात हा फरक मोठा आहे. ट्रेसमध्ये काढलेली वस्तू जशीच्या तशी ड्रॉइंगमध्ये घ्यायची असेल तर ‘कॉपीफ्रॉमट्रेस’ आहे. आर्किटेक्टने ट्रेसवर नव्या दरवाजाची जागा आकड्यांनी काढली असेल तर ती पुन्हा काढायला लागत नाही. पण अंदाजाने काढलेली रेघ उचलू नका. ऑर्थो आणि स्नॅप बंद ठेवून काढलेली भिंत ०.४ अंशाने तिरकी असते आणि पुढे डायमेन्शन लावताना २३० ऐवजी २२९.९९ येतं.

ट्रेसना आपोआप मिळणारी नावं कुचकामी आहेत. ‘ट्रेस १, ट्रेस २’ अशी यादी दोन आठवड्यांनी कुणालाच कळत नाही. नावात रिव्हिजन, तारीख आणि देणाऱ्याचं काम टाका: ‘आर-२, १४ जून, प्लंबिंग’. एका माणसाचे एका दिवसाचे शेरे एका ट्रेसमध्ये ठेवायचे.

आता तक्रारी. पहिली अशी की ट्रेस डीडब्ल्यूजीमध्येच, म्हणजे ड्रॉइंगच्या मूळ फाइलमध्येच, बसतो. आतल्या गप्पा, ‘हे क्लायंटला सांगू नका’ छापाचे शेरे, फाइल बाहेर गेली की तेही बाहेर जातात. ठेकेदाराला डीडब्ल्यूजी द्यायची असेल तर कॉपी करून त्या कॉपीतले ट्रेस पॅलेटमधून पुसा, मगच पाठवा. दुसरी: २०१८ पासून २०२४ पर्यंत फाइलचा फॉरमॅट तोच आहे, त्यामुळे ट्रेस असलेली फाइल २०१९ मध्ये तक्रार न करता उघडते, फक्त शेरे दिसत नाहीत. समोरच्याकडे जुनी आवृत्ती असेल तर तो प्रामाणिकपणे ‘काही शेरा नाही’ म्हणेल. तिसरी तीच, वर सांगितलेली. शेऱ्यावर ‘झालं’, ‘नाही करत’, ‘तपासलं’ असं लावायची जागा नाही. काही जण झालेला शेरा हिरवा करतात. चालतं, पण ती शिस्त माणसांची आहे, सॉफ्टवेअरची नाही.

लाल पेनाची प्रिंट आत घेणं

२०२३ मध्ये मार्कअप इम्पोर्ट आलं. प्रिंटवर पेनने लिहिलेले शेरे पीडीएफ, जेपीजी किंवा पीएनजी म्हणून घ्यायचे. ऑटोकॅड ती प्रिंट ट्रेसच्या थरात ड्रॉइंगवर बसवायचा प्रयत्न करतं, आणि मार्कअप असिस्ट मशीन लर्निंगने त्यातलं लिखाण, बाणासकटच्या टिपा आणि ढग ओळखतं. ओळखलेल्या जागेवर क्लिक केलं की ती एमटेक्स्ट (मजकूर), एमलीडर (बाणाची टीप) किंवा रेव्हिजन क्लाउड म्हणून टाकता येते. २०२४ मध्ये यात दोन भर पडल्या. जुन्या मजकुरावर खोडून नवा लिहिला असेल तर तो थेट बदलायची सोय आली. आणि ‘मूव्ह’, ‘कॉपी’, ‘डिलीट’ असे शब्द ढगाजवळ दिसले तर तीच कमांड पुढे करून देतं.

जाहिरातीत हे जादूसारखं दिसतं. रोजच्या कामात त्याची अक्कल प्रिंट कशी आली यावर ठरते. शेरे द्यायची प्रिंट ‘फिट टू पेपर’ने काढली असेल तर बसवणं हुकतं. १:१०० चं शीट ए-१ वरून ए-३ वर काढायचंच असेल तर बॉर्डर पूर्ण येऊ द्या, निदान चार कोपरे तरी मिळतील. मोबाइलने तिरका फोटो काढला तर कागद समलंब होतो आणि तो कुठल्याच स्केलने बसत नाही. फोनमधल्या स्कॅन अ‍ॅपने कोपरे सरळ करून पीडीएफ करा, मग आत घ्या. आपोआप बसलं नाही तर अलाइन वापरून दोन बिंदू जोडा. बॉर्डरचे कोपरे नाही, ग्रिडचे छेद घ्या, एकमेकांपासून जितके लांब तितकं बरं. ग्रिड ए-१ आणि ग्रिड एफ-६ घेतले तर मधली चूक कमी होते. आणि स्केल करायचं का विचारलं तर हो म्हणा.

अक्षराबद्दल: कॅपिटलमध्ये, सुटंसुटं, काळ्या रेघांच्या प्रिंटवर लाल पेनने लिहिलं तर ओळखायला सोपं जातं. डायमेन्शनच्या रेघेवरच लिहिलेला आकडा, दोन ओळींत कोंबलेली टीप आणि घाईत जोडून लिहिलेली अक्षरं हाताने टाइप करायची तयारी ठेवा. आकडे तर ओळखले तरी प्रत्येक वाचून घ्यायचे. १५० चा १६० झाला तर सनशेडचा प्रोजेक्शन बदलतो. म्हणूनच असिस्टकडे टायपिस्ट म्हणून बघा, चेकर म्हणून नाही.

कम्पेअर: या संचातलं सगळ्यात मोलाचं टूल

२०१९ मध्ये डीडब्ल्यूजी कम्पेअर आलं, २०२० मध्ये ते चालू ड्रॉइंगमध्येच चालू लागलं आणि तिथून पुढे त्याचा खरा उपयोग सुरू झाला. नवी फाइल उघडी ठेवून ‘कम्पेअर’ द्यायचं, जुनी फाइल निवडायची. जे फक्त नव्यात आहे ते हिरवं, जे फक्त जुन्यात होतं ते लाल, जे दोन्हींत सारखं ते करडं. फरकाभोवती ढग आपोआप येतो, आयताकृती किंवा पॉलिगोनल, आणि त्याचं अंतरही कमीजास्त करता येतं. बाणांनी एका फरकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. लालपैकी एखादी वस्तू परत हवी असेल तर ती चालू फाइलमध्ये आणताही येते.

इश्यू करण्याआधी हे एकदा चालवलंच पाहिजे, कारण ढग काढणारा माणूस स्वतःला आठवतं तेवढ्यालाच ढग लावतो. कम्पेअर आठवणीवर चालत नाही. बी-१२ च्या उदाहरणात नेहमी काय निघतं पाहा: डायमेन्शनवर कुणीतरी ६०० हाताने टाइप केलेलं असतं, आणि सेक्शनमधली बीमची खालची रेघ ४५० वरच असते. कम्पेअरमध्ये आकडा लाल-हिरवा दिसतो, रेघ करडीच राहते. करडी रेघ म्हणजे ड्रॉइंग खोटं बोलतंय. इथे डायमेन्शनवरचा हाताने टाकलेला आकडा काढून रेघ खरोखर १५० ने खाली घ्यायची, आकडा मग आपोआप ६०० दाखवतो. न दाखवला तर चूक अजून कुठेतरी आहे.

सगळी शीट लाल-हिरवी दिसली तर घाबरू नका. बहुधा कुणीतरी सगळं ड्रॉइंग उचलून दुसऱ्या ओरिजिनवर ठेवलेलं असतं. जुन्या फाइलची कॉपी घ्या, त्यात एक ग्रिड छेद पकडून सगळं नव्या जागी मूव्ह करा आणि पुन्हा चालवा. शीटच्या निम्म्या भागात बारीक बारीक फरक दिसत असतील आणि डोळ्याला काहीच वेगळं दिसत नसेल तर दोष दशांशाचा असतो. ‘कम्पेअरटॉलरन्स’ नेहमी ६ दशांश स्थळांवर असतं. मिलिमीटरच्या बांधकाम ड्रॉइंगला २ पुरे, मशीनच्या पार्टला ४ ठेवा. हॅचची तुलना वेगळ्या बटणावर आहे, ती चालू केलीत का पाहा. टाइल्सचा किंवा काँक्रीटचा हॅच बदलला असेल आणि बटण बंद असेल तर तो फरक दिसणारच नाही.

स्नॅपशॉट एक्स्पोर्ट करून वेगळी फाइल करता येते. ती रेकॉर्डला ठेवा, क्लायंटला पाठवू नका. लाल-हिरव्याचा अर्थ न कळलेला माणूस लाल म्हणजे नवीन असं वाचतो, आणि लाल इथे काढून टाकलेलं आहे. कम्पेअरचे आपोआपचे ढग थेट इश्यूसाठी वापरावेत का? नाही. ते एकेका आकड्याभोवती वेगळे येतात, त्यावर त्रिकोण नसतो, आणि टेक्स्ट दोन मिमी सरकवला तरी ढग येतो. तो बदल साइटला सांगण्यासारखा नसतो. त्यांची यादी म्हणून वापर करा, मग आपले ढग आपण काढा.

एक्सरेफसाठी (आपल्या ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्याच्या फाइलसाठी) २०२१ पासून हीच सोय आहे. आर्किटेक्टने प्लॅन बदलून फाइल टाकली की खाली कोपऱ्यात सूचना येते, तिथूनच तुलना उघडते. सर्व्हिसेसची ड्रॉइंगं करणाऱ्यांना ढगापेक्षाही हे जास्त कामाचं आहे. जिन्याची लँडिंग १५० ने सरकली हे आर्किटेक्ट फोन करून सांगतोच असं नाही.

हिशेबाची उणीव कशी भरायची

शेऱ्यांची नोंद हवी असेल तर सध्या पीडीएफकडेच जावं लागतं. ब्लूबीम रेव्ह्यू यात सरस आहे. प्रत्येक मार्कअप खाली यादीत ओळ म्हणून येतं, त्याला स्वीकारलं, नाकारलं, पूर्ण झालं असं लावता येतं, आणि यादी सीएसव्हीत काढून एक्सेलमध्ये नेता येते. वर्षाचं भाडं माणशी भरावं लागतं, त्यामुळे चारपाच माणसांच्या ऑफिसला ते डोक्यावर बसतं. त्यांच्यासाठी फुकट अ‍ॅक्रोबॅट रीडरमधल्या कॉमेंट्स आणि एक साधं एक्सेल शीट पुरतं: शेरा क्रमांक, शीट क्रमांक, ग्रिडचा पत्ता, काय करायचं, कोणी केलं, कोणी तपासलं. ग्रिडचा पत्ता लिहायला विसरू नका. ‘बीम बदला’ या शेऱ्याला अर्थ नाही, ‘ग्रिड सी-४ ते सी-५, बी-१२’ याला आहे.

पीडीएफ वाटेत ऑटोकॅडचा एक जुना काटा आहे. एसएचएक्स (ऑटोकॅडच्या स्वतःच्या) फॉन्टमधला मजकूर पीडीएफ काढताना प्रत्येक ओळीची कॉमेंट म्हणून जोडला जातो. समोरच्याने फाइल उघडली की बाजूला शेकडो कॉमेंट्स, सगळ्या ‘ऑटोकॅड एसएचएक्स टेक्स्ट’ नावाच्या, आणि त्यांत चेकरचे खरे बारा शेरे हरवलेले. ‘पीडीएफएसएचएक्स’ ० केलं की हे थांबतं. त्यात मजकूर शोधायची सोय जाते, पण मार्कअपसाठी निघणाऱ्या पीडीएफला ती लागत नाही. पीडीएफ आधीच वाटली गेली असेल तर नव्याने काढून पाठवणंच बरं. कॉमेंट्स पुसत बसलात की खऱ्या कॉमेंट्सही त्यात जातात.

रिव्हिजन टेबलसाठी शीट सेट मॅनेजर वापरा. शीटच्या प्रॉपर्टीजमध्ये रिव्हिजन क्रमांक आणि तारखेच्या जागा आहेत. टायटल ब्लॉकमध्ये त्यांचे फील्ड (आपोआप बदलणारा मजकूर) बसवले की आर-नंबर एका जागी बदलायचा आणि शीटवर आपोआप येतो. टेबलमधली ओळ आणि त्रिकोण मात्र हातानेच. क्रमांकांऐवजी अक्षरं वापरत असाल आणि काम अमेरिकन क्लायंटचं असेल तर एएसएमई वाय १४.३५ या रिव्हिजनच्या अमेरिकन मानकाप्रमाणे आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरं वगळायची असतात. आय आणि एक, ओ आणि शून्य यांची गल्लत होऊ नये म्हणून. मशीन शॉपमध्ये हे माहीत नसलेला माणूस एच नंतर जे बघून मधलं रिव्हिजन कुठे गेलं म्हणून शोधत बसतो.

रंगांचा एक मुद्दा राहिला. एका ऑफिसात पिवळा म्हणजे तपासलं, बरोबर, लाल म्हणजे बदला, हिरवा म्हणजे काढून टाका. दुसऱ्या ऑफिसात हिरवा म्हणजे केलं. बाहेरच्या कन्सल्टंटकडून शेरे घेण्याआधी पहिल्या शीटच्या कोपऱ्यात रंगांची खूण छापा.

ऑटोकॅड न घेता ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅड ही दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर घ्यावीत का, असं विचारणारे वाढलेत. त्यांच्याकडे ढग आणि दोन फायलींची तुलना दोन्ही आहे, आणि निव्वळ इश्यूची ड्रॉइंगं काढणाऱ्या ऑफिसला तेवढं पुरतं. ट्रेसशी सवय झालेल्याला मात्र तिथे हात अडखळतो. आर्किटेक्ट टॅबलेटवर शेरे देत असेल आणि तुम्ही डेस्कटॉपवर ते करत असाल तर ऑटोकॅड किंवा त्याचं एलटी, २०२४ किंवा त्यानंतरचं, घ्या. शेरे कागदावर किंवा पीडीएफवर येत असतील तर जी आवृत्ती आहे तीच ठेवा. ट्रेसवाचून तुमचं काही अडत नाही, आणि २०२० पासूनच्या आवृत्तीत कम्पेअर तर आहेच.